घर भाड्याने देताना, भिंत पाडताना, गुंठा घेताना: आधी नियमाचा मालक शोधा

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारच्या फलकावर एकदा पाच ओळींची सूचना लागली. भाडेकरू ठेवण्याआधी समितीची परवानगी घ्यावी. कुत्री-मांजरं पाळण्यास मनाई आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा. रात्री दहानंतर स्पीकर लावू नये. घरात तोडफोड करायची असल्यास आधी लेखी कळवावे. खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का. पाचही ओळी एकाच ठशात छापलेल्या, त्यामुळे पाचही सारख्याच वजनाच्या वाटल्या. काहींनी सगळ्या निमूट मान्य केल्या, काहींनी सगळ्याच धाब्यावर बसवल्या. दोघांचंही चुकलं. कचरा आणि स्पीकर हे देशभरचे नियम होते, तोडफोडीची अट संस्थेच्या उपविधींतली, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नोंदलेल्या नियमांतली होती, आणि पहिल्या दोन ओळींमागे समितीच्या इच्छेपलीकडे काहीच नव्हतं.

त्या फलकानं मला एक सवय लावली. घराच्या बाबतीत कुणीही 'नियम आहे' म्हटलं की मी आधी विचारते, कोणाचा? केंद्राचा, राज्याचा, महापालिकेचा की सोसायटीचा? उत्तर मिळालं की अर्धं काम होतं, कारण कुठं अर्ज करायचा, कुठं दाद मागायची आणि कुठं मुकाट्यानं पाळायचं, हे त्यावरूनच ठरतं. महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही वर्ष-दोन वर्षांत हटकून भेटतात असे प्रसंग मी खाली क्रमानं घेतले आहेत.

पहिली पायरी: नकाशावरचा शिक्का बघा

घराची फाईल उघडा आणि मंजूर बांधकाम नकाशा शोधा. त्यावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे, ते तुमचं नियोजन प्राधिकरण. पत्त्यात 'पुणे' असलं म्हणून ते पुणे महापालिकाच असेल असं नाही. पुणे आणि मुंबई महानगर प्रदेशांची विकास प्राधिकरणं (पीएमआरडीए, एमएमआरडीए), सिडको, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, नगरपालिका यांपैकी कुणीही असू शकतं. शेजारच्या गल्लीत चालतं ते तुमच्याकडे चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बांधकामाचे नियम कोणते, हेही यावरच ठरतं. बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते. बाकीच्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू झाली, तिलाच सगळे यूडीसीपीआर म्हणतात. एमआयडीसीची (औद्योगिक विकास महामंडळाची) आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेली काही क्षेत्रं त्यातून वगळली आहेत.

नकाशा सापडला नाही तर काळजी करावी, कंटाळा करू नये. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात तो लागणार आहे.

घर भाड्याने देणार किंवा घेणार असाल तर

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथं जरा थांबते.

'अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही' हे वाक्य एजंटपासून काकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मालकानं खरं घाबरायचं ते त्याच कलमातल्या दुसऱ्या वाक्याला. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तोंडी ठरलेलं भाडं, मुदत, डिपॉझिट, सगळं त्याच्या शब्दावर जातं. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. नोटरी वेगळी, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी वेगळी.

ओळखीतले एक गृहस्थ 'माणूस घरच्यासारखा आहे' म्हणून तीन वर्षं कागदाशिवाय राहू देत होते. घर विकायची वेळ आली तेव्हा त्या घरच्यासारख्या माणसानं डिपॉझिटचा आकडा दुप्पट सांगितला. हाती कागद नव्हता, सगळं रोखीत. शेवटी तडजोड करून पैसे मोजावे लागले.

खर्च म्हणाल तर तो भीती वाटावी इतका मुळीच नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असतं. एकूण रक्कम काढताना पूर्ण मुदतीचं भाडं धरायचं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं कल्पित व्याज मिळवायचं. समजा भाडं २०,००० रुपये, मुदत १२ महिने, डिपॉझिट एक लाख. भाडं झालं २,४०,०००, व्याज १०,०००, मिळून अडीच लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ६२५ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. हे सगळं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतं, आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा लागतो. एजंट घेतो ते त्याच्या सेवेचे पैसे. सरकारी रक्कम वेगळी लिहून मागा.

करार झाला की त्याच आठवड्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. बहुतेक शहरांत पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असतो. तो न पाळल्यामुळे घरमालकांवर गुन्हे नोंदले गेले आहेत. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्याची पोच करारासोबत ठेवा.

भाडेकरूंनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भाड्यावरून कितीही वाद झाला तरी मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही, कायद्यानं त्याला मनाई आहे. आणि मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तिथं त्याला ताबा तर मिळतोच, शिवाय जास्तीच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. मुलांची परीक्षा आहे, अजून दोन महिने राहायचंय, असं असेल तर शब्दावर राहू नका, मुदतवाढीचा नवा करार नोंदवा.

सोसायटी काय मागू शकते, काय नाही

आधी एक प्रश्न: तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? सोसायटीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो आणि अपार्टमेंटला १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा. यामुळे दरमहा देखभालीचा आकडा बदलतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना समान असतं, घर लहान असो वा मोठं. अपार्टमेंटमध्ये खर्च सामाईक मालमत्तेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. वार्षिक सभेत यावरून तासन् तास भांडणारी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांनी नोंदणी प्रमाणपत्र एकदाही वाचलेलं नव्हतं.

सोसायटी असेल तर उपविधींची छापील प्रत सचिवांकडून मागून घ्या. तो सभासदाचा हक्क आहे. मग हे आकडे ताडून बघा.

घर भाड्याने दिलं तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. ही मर्यादा शासनानं ऑगस्ट २००१ मध्ये घातली. घरात तुमचे आईवडील, मुलं किंवा भावंडं राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार) भाडेकरू ठेवायला समितीची परवानगी लागत नाही, कराराच्या प्रतीसह आगाऊ कळवावं लागतं. अविवाहित मुलामुलींना घर देऊ नये, असं त्या उपविधींत कुठंही म्हटलेलं नाही.

घर विकताना हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये. लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायतीत मर्यादा याहून कमी. 'इमारत निधी', 'ऐच्छिक देणगी' अशा नावांखाली त्यावर रक्कम मागितली, तर ती मागणी लेखी द्या एवढंच म्हणा. बहुतेक वेळा ती लेखी येत नाही. घर कुटुंबातल्याच व्यक्तीच्या नावावर होत असेल तर अधिमूल्य मुळीच नाही.

थकबाकीवर व्याज द.सा.द.शे. २१ पर्यंत आणि तेही सरळव्याजानं.

पार्किंगबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मुंबईच्याच एका खटल्यात स्पष्ट केलं की स्टिल्टखालची जागा ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती वाटायची ती सोसायटीनं. कागदावर 'पार्किंग विकत घेतलं' असं लिहिलेलं पाहून जास्तीचे लाखो रुपये देण्याआधी हे आठवा.

आणि पावसाळ्यातला हमखास वाद, गळती. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं. वरच्या घराच्या न्हाणीघरातून, सिंकखालून झिरपत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. म्हणून भांडण्याआधी पाणी कुठून येतं हे प्लंबरकडून तपासून लिहून घ्या. संवाद संपला की प्रकरण वर्षभर लांबतं आणि छताची सळई गंजत राहते.

इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची, असं आदर्श उपविधी सांगतात. हा खर्च टाळू नका. इथं समितीला त्रास देणं म्हणजे आपल्याच डोक्यावरच्या स्लॅबशी खेळणं आहे.

भिंत पाडायची, बाल्कनी बंद करायची, वर पत्रा टाकायचा

रंग, गिलावा, फरशी, नळ, वायरिंग अशा किरकोळ दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही. सोसायटीला मात्र कळवावं. ज्या क्षणी तुम्ही खांब, तुळई, स्लॅब किंवा भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावता, न्हाणीघराची जागा हलवता किंवा उघडी जागा बंद करून खोली करता, त्या क्षणी हे दुरुस्तीचं काम राहत नाही, बांधकाम होतं. त्यासाठी परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून नकाशा, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि नियोजन प्राधिकरणाची परवानगी, या क्रमानं जावं लागतं.

कंत्राटदार सांगेल, 'ही भिंत नुसती विटांची आहे, बिनधास्त पाडा.' जुन्या इमारतींत, विशेषतः चार मजल्यांपर्यंतच्या, विटांच्या भिंतीच भार पेलत असतात. त्याचा शब्द पुरेसा नाही. अभियंत्याची सही असलेलं एक पान घ्या.

परवानगीविना केलेल्या बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली नोटीस येते, पाडकाम होतं, त्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. इथं एक गोष्ट ठासून सांगते: मालमत्ता कराची पावती म्हणजे परवानगी नव्हे. पालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारते, त्यावर शास्तीही लावते, आणि पैसे भरले म्हणून बांधकाम नियमित होत नाही. विजेच्या बिलाचंही तसंच. 'दहा वर्षं टॅक्स भरतोय' हा युक्तिवाद कुठंच टिकत नाही, तरी त्याच्या भरवशावर लोकांनी आयुष्याची कमाई ओतलेली असते.

झाड, कुत्रा, आवाज, बाटली

अंगणातलं झाड तुमचं असलं तरी शहरात ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'प्राचीन वृक्ष' ठरतं आणि एक झाड तोडण्याच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट आली. फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी उद्यान विभागाकडे अर्ज द्या, तोही पावसाळ्याच्या पुष्कळ आधी. मे महिन्यात तिथं रांग असते.

कुत्रा पाळायला सोसायटीची परवानगी लागत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लागतो तो मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवाना, आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र. कुत्रा पाळणाऱ्यांनी परवाना काढावा, साखळी धरावी, घाण उचलावी. हक्क सांगताना हातात ते कागद असले की शेजारीही ऐकतात.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात, म्हणून तक्रार करण्यापूर्वी ती यादी बघा.

मद्याबाबत राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना हवा. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण, इतर मद्यासाठी २५. बदली होऊन वर्धा किंवा गडचिरोलीला जाणार असाल तर तिथं पूर्ण जिल्ह्यात बंदी आहे.

शहराबाहेर गुंठा घेण्याआधी

हा भाग मी सगळ्यात काळजीनं लिहिते आहे, कारण इथं फसलेला माणूस सहसा निवृत्तीचे पैसे गमावतो.

रविवारी बसनं नेतात, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, कमानीवर कुठल्यातरी 'ग्रीन' नावाची पाटी असते. दोन गुंठे, म्हणजे २,१७८ चौरस फूट, अमुक लाखात. तिथं टोकन देऊ नका. फक्त गट क्रमांक लिहून घ्या आणि घरी या.

महाभूलेख या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर त्या गटाचा सातबारा काढा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. मग 'इतर हक्क' हा रकाना वाचा, सगळ्यांत जास्त वेळ तिथं द्या. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, न्यायालयातला वाद हे तिथंच दिसतं. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगरआदिवासीनं जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय तिच्या वाट्याला जाऊच नये. फेरफारही मागे तीस वर्षांपर्यंत काढून घ्या.

आता तुकडेबंदी. १९४७ च्या या कायद्यानुसार शेतजमिनीचे ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करून विकता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे आहे. म्हणजे शेतजमिनीतला दोन गुंठ्यांचा तुकडा या मर्यादेत बसतच नाही. मग विक्रेते दहा जणांची नावं एकत्र सातबाऱ्यावर चढवतात, किंवा नोटरीच्या कागदावर व्यवहार करतात. दहा नावांच्या सातबाऱ्यावर तुमचा तुकडा नेमका कोणता, हे कुठंच लिहिलेलं नसतं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं नागरी क्षेत्रातल्या छोट्या तुकड्यांच्या जुन्या व्यवहारांना सवलत दिली. ती जुन्यांसाठी आहे. तिचा हवाला देऊन आज कुणी नवा तुकडा गळ्यात मारत असेल तर तहसील कार्यालयातून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेतजमीन म्हणूनच घ्यायची असेल तर १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. वडिलांच्या नावाचा सातबारा, आठ-अ असं काही नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

शेवटी झोन दाखला. नियोजन प्राधिकरणाकडे गट क्रमांक देऊन तो मिळतो. जागा निवासी झोनमध्ये आहे, हरित पट्ट्यात आहे की नियोजित रस्त्यात, हे त्यावरून कळतं. कोकण किनाऱ्याला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं आहेत. माथेरानमध्ये तर तुमची स्वतःची गाडीही घरापर्यंत जाणार नाही.

तयार घर घेताना

यात थोडक्यात सांगते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाका (भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे). भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, बघा. 'येत्या महिन्यात मिळेल' हे उत्तर घेऊ नका. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पुणे-ठाण्यात ७ टक्के, करारातली किंमत किंवा रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेला दर) यातल्या जास्त रकमेवर. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००. निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट आहे. पुण्यातल्या ६० लाखांच्या घरावर ही सूट ६०,००० रुपयांची होते. नवराबायको दोघांची नावं घातली की ती जाते, म्हणून हा निर्णय घरात बसून आधी करा.

ताबा मिळाल्यावर करआकारणीत नाव लावा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. अनेकांनी तो भरलेला नसतो.

उत्तर लेखी कसं मिळवायचं

कार्यालयात जाऊन तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं, आणि ते देणारा माणूस पुढच्या वर्षी बदलून जातो. दाखले, उतारे, परवानग्या यांपैकी बऱ्याच सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत. 'आपले सरकार' संकेतस्थळावर सेवेचा ठरलेला कालावधी दिसतो. तो उलटला तर अपील करा, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. जुना नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हवी असेल तर माहितीचा अधिकार वापरा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येऊ शकतो. 'अमुक सर्व्हे क्रमांकावरील इमारतीच्या मंजूर नकाशाची व भोगवटा प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मिळावी', एवढं पुरतं.

सोसायटीशी वाद असेल तर आधी सचिवांना पत्र, मग उपनिबंधक सहकारी संस्था, आणि हक्काचा वाद असेल तर सहकार न्यायालय. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि कार्यालयाबाहेर पडायच्या आत मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.